आमच्या गावचे खनिजसाहेब

"यात बारकावे आहेत," असं म्हणताना तो उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवायचा, चिमटीत मीठ धरावं तसं. ती चिमूट थोडा वेळ हवेत राहायची. समोरच्याला वाटायचं, आता बारकावे खाली पडतील. ते कधी पडले नाहीत. वहिनीनं भाकरी वाढू की पोळी असं विचारलं, तरी त्यात बारकावे असत, आणि ती माउली दोन्ही वाढून मोकळी व्हायची.

तुमच्याही ओळखीत असा एक जण असेल. दिल्लीत मोठं काहीतरी करतो, आणि ते नेमकं काय हे त्याच्या घरच्यांनाही सांगता येत नाही. आमचा हा तेलंगणातल्या जैनथ मंडलातला, पैनगंगेच्या अलीकडच्या गावचा, माझ्याच वर्गातला. मी शिकून त्याच मराठी शाळेत मास्तरीण झाले. तो शिकत शिकत हैदराबादला गेला, मग दिल्लीला, आणि शेवटी एका परदेशी वकिलातीत पोचला. हुद्दा असा: वरिष्ठ सल्लागार, हवामान बदल आणि महत्त्वाची खनिजे. देश कोणता ते तो दरवेळी सांगायचा, पण ते नाव कुणाच्या तोंडात बसायचं नाही. थंड आहे, लहान आहे आणि श्रीमंत आहे, एवढं गावानं लक्षात ठेवलं आणि त्याला सरळ राजदूत करून टाकलं. सुरुवातीला तो चूक दुरुस्त करायचा. नंतर ते काम त्यानं सोडून दिलं.

कार्डं मात्र तो सगळ्यांना वाटायचा. न्हाव्यानं ते आरशाच्या कोपऱ्यात खोचलं होतं. दाढी करताना गिऱ्हाईक 'महत्त्वाची खनिजे' वाचत बसायचं.

मी एकदा त्याला विचारलं, "तू दिवसभर करतोस काय?"

"संवाद साधतो."

"कुणाशी?"

"सर्व संबंधितांशी."

"आणि मग?"

"मग संवाद झाला, असा अहवाल देतो."

हे तो हसून बोलला असता तर मी समजले असते. तो हसला नव्हता.

सुट्टीत गावी आला की तो स्वस्थ बसत नसे. त्याच्या भावाचं आणि शेजारच्या किराणावाल्या शेटचं सांडपाण्यावरून जुनं भांडण होतं. पाणी भावाच्या न्हाणीतून निघून शेटच्या अंगणात जायचं. यानं दोघांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि उभं राहून वाचून दाखवलं की दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या भूमिकेची नोंद घेतली असून संवाद सुरू ठेवण्यास सहमती दर्शवली आहे. दोघांचे हात हातात देऊन फोटोही काढला.

शेट म्हणाला, "थे ठीक हाय. पन पानी कोनीकडून जाईन?"

"ते पुढच्या टप्प्यात."

दुसऱ्या दिवशी पाणी शेटच्या अंगणात होतं. साहेब दिल्लीला गेल्यावर भावानं एक पाइप आणून नालीत सोडला आणि प्रश्न मिटवला. दिल्लीत मात्र तो फोटो कुठल्याशा सादरीकरणात दाखवला गेला, असं त्यानंच मला पुढे कौतुकानं सांगितलं.

एकदा मी त्याला शाळेत बोलावलं, मुलांना हवामान बदलावर काही सांग म्हणून. आदिलाबादहून भाड्याची गाडी घेऊन तो आला. आत तो पृथ्वीच्या तापाबद्दल बोलत होता, आणि बाहेर लिंबाखाली गाडी चालूच होती, कारण गाडीत ड्रायव्हर थंड हवेत झोपला होता. पाचवीतल्या एका पोरीनं हात वर केला.

"सर, तुमची गाडी काऊन चालू हाय?"

"फार चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला.

त्याचा परिणाम मला भोगावा लागला. त्यानंतर कितीतरी दिवस मी पाढा विचारला की मागच्या रांगेतून उत्तर यायचं, "फार चांगला प्रश्न हाय, बाई."

हे सगळं गमतीचं होतं, तोवर गमतीचं होतं. मग एका हिवाळ्यात गावाबाहेरच्या बरडावर, त्या खडकाळ टेकाडावर, एक मशीन येऊन उभं राहिलं. माणसं जमिनीला लांब भोकं पाडायची, दगडाच्या कांड्या काढून पेटीत भरायची आणि विचारलं की हिंदीत सांगायची, "जाँच चल रही है." आमच्या बरडावर काळे, जड दगड सापडतात. लहानपणी आम्ही ते विहिरीत टाकायला आणायचो, कारण आवाज छान यायचा. त्यात मँगनीज असतं, आणि मँगनीज आता बॅटऱ्यांना लागतं, ही बातमी पसरली. बरडाच्या पायथ्याशी त्याच्या आईची भाजीची वाडी. वांगी, पालक, कांदे, आणि कधी न आटलेली विहीर. त्या वाडीच्या पालकावर हा शिकला.

संक्रांतीला तो आला, तेव्हा ओसरीवर पंधरावीस माणसं बसून होती. आईनंच सुरुवात केली.

"माही वाडी जाते का राहते? तेवढं सांग."

"आई, सध्या प्राथमिक टप्पा आहे. सर्व संबंधितांचं हित लक्षात घेऊनच..."

"मी बाजारात गिऱ्हाईकाले इचारते, भाजी घेतं का. थो हो म्हनते, नाहीतं नाही म्हनते. तू तिसरंच काहीतरी म्हनून राह्यला."

माणसं गालात हसली. हवेत धरलेली चिमूट त्यानं हळूच खाली घेतली. लोक गेल्यावर मी त्याला विचारलं, "महत्त्वाची खनिजं म्हणजे कुणासाठी महत्त्वाची रे?"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं. "ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी," तो म्हणाला. आणि लगेच, "हे मी बोललो नाही."

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा फोन आला. वकिलातीतल्या एक मोठ्या बाई स्थानिक लोकांशी संवाद साधायला येणार होत्या, आणि त्यानं आमचंच गाव निवडलं होतं. असं गाव निवडण्यामागे त्यानं मला बरीच कारणं दिली. खरं कारण मला वाटतं एकच होतं. आपला मुलगा काय काम करतो, ते आईनं एकदा डोळ्यांनी पाहावं.

शाळेच्या मैदानात मंडप उभा राहिला. बाई उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या, आणि स्वभावानं चांगल्या. त्यांनी पोरांचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. साहेब सूट घालून त्यांच्या शेजारी उभे. बाई इंग्रजीत बोलायच्या, हा मराठीत सांगायचा. लोक बोलले की तो इंग्रजीत सांगायचा. मला दोन्ही बाजू कळत होत्या, त्यामुळे माझी करमणूक दुप्पट झाली. एकानं धुळीनं कापूस काळा पडतो म्हणून तावातावानं तक्रार केली. इंग्रजीत त्याची 'हवेच्या गुणवत्तेविषयी उत्सुकता' झाली. दुसरा म्हणाला, आम्हाला न विचारता शेतात खुंट्या ठोकल्या. इंग्रजीत तो 'अधिक सहभागाचं स्वागत' करत होता. बाई मान डोलवत लिहून घेत होत्या. एवढं समाधानी गाव त्यांनी पाहिलं नसावं.

मग त्याची आई उठली. पदर खोचून ती थेट बाईंच्या पुढ्यात गेली.

"हिले इचार, हिच्या गावात असं खोदतेत का?"

तो इंग्रजीत म्हणाला, "माझी आई आपलं स्वागत करते. आपलं गाव कसं आहे, असं ती विचारते आहे."

बाईंचा चेहरा उजळला. एवढ्या दौऱ्यात त्यांना त्यांच्या गावाबद्दल कुणी विचारलं नसणार. त्या भरभरून बोलू लागल्या. डोंगर आहे, तळं आहे, मेंढ्या आहेत, आजोबांचं घर अजून आहे. आणि गंमत म्हणजे, त्या म्हणाल्या, त्या डोंगरातही खनिज सापडलं होतं. कंपनी आली होती. पण गाव एकत्र बसलं आणि नाही म्हणालं. तळं फार सुंदर आहे हो, त्या म्हणाल्या. म्हणून तर आम्हाला आता बाहेरच्या मित्रांशी भागीदारी करावी लागते.

त्या थांबल्या आणि त्याच्याकडे पाहू लागल्या, आता सांगा म्हणून. आई पाहत होती. मंडप पाहत होता. मला वाटलं, आता तळं येईल, मेंढ्या येतील, आणि संपेल.

"आई," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांनी मी त्याच्या तोंडून गावची भाषा ऐकली. "हिच्या गावातबी निंगालं होतं. गावानं नाही म्हटलं. म्हनून हे इकडं आले."

आईनं बाईंकडे पाहिलं. रागानं नाही, बाजारात दुसऱ्या भाजीवालीकडे पाहावं तसं.

"मंग आमचंबी तेच सांग."

तो बाईंकडे वळला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघालं की गावकऱ्यांनी बाईंच्या गावाच्या अनुभवाची आस्थेनं नोंद घेतली आहे. बाई हसून हात जोडू लागल्या. आईला ते इंग्रजी फार लांब वाटलं असावं. तिनं बाईंचे जोडलेले हात धरले, बरडाकडे बोट दाखवलं आणि मान हलवून म्हणाली, "नाही."

बाई दिल्लीच्या बाजारांत फिरलेल्या. हा शब्द त्यांना येत होता. "नहीं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्या दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि मध्ये उभ्या असलेल्या साहेबांना काही काम उरलं नाही.

पुढे पावसाळ्याआधी मशीन निघून गेलं. गावाच्या नाहीनं गेलं, असं सरपंच सांगतो. खरं म्हणजे बरडातला माल कमी प्रतीचा निघाला. वाडी वाचली म्हणून गाव खूश झालं, आणि आमचा दगड नापास केला म्हणून थोडं दुखावलंही. न्हावी तर आठवडाभर म्हणत होता, नीट पाहिलंच नसेल त्यांनी.

त्याच सुमारास त्या थंड देशात सरकार बदललं. नव्या सरकारला हवामानात रस नव्हता. साहेब एका दुपारी बॅगा घेऊन आले आणि शाळेच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले.

"प्राधान्यक्रम बदलले," तो म्हणाला. "पदाची पुनर्रचना झाली."

"म्हणजे तुला काढलं."

त्यानं बुटाची नाडी सोडली. "हो. काढलं."

मी त्याच्यासाठी घरून चहा आणला. टोमणा मारायचं मनात होतं. मारला नाही.

ते काही महिने तो आईबरोबर जैनथच्या बाजाराला जायचा. पहिल्याच दिवशी एकीनं वांग्यांचा भाव विचारला, तर हा बाजारातली सर्वसाधारण परिस्थिती सांगायला लागला. बाई पुढच्या दुकानी गेली. आई म्हणाली, "तू बोलू नको. तू फक्त तोल." मग तो गोणपाटावर मांडी घालून तोलायचा. पारडं जरा झुकतंच धरायचा, आणि आई दरवेळी त्यातलं एक वांगं मुकाट्यानं काढून घ्यायची. मी बाजाराला गेले की पाहायचे. तसा निवांत चेहरा मी त्याचा सूटमध्ये कधी पाहिला नाही.

पण माणूस हुशार, आणि दिल्लीत वकिलाती पुष्कळ. दुसऱ्या एका देशानं त्याला घेतलं. या देशाला समुद्र आहे, म्हणून आता तो मासेमारी आणि सागरी अर्थव्यवस्थेचा सल्लागार आहे. आमच्या गावाहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच, आणि हा तर मासे खातही नाही. सकाळच्या बसनं तो आदिलाबादला गेला. कंडक्टरनं तेलुगूत कुठं म्हणून विचारलं आणि त्यानं तेलुगूतच चटकन उत्तर दिलं, एवढं मला ऐकू आलं. आई बसपर्यंत आली नव्हती. त्या दिवशी पालकाला पाणी द्यायचं होतं.

त्याला दोन वर्षं होतील. परिषदा असतात, तो येत नाही. परवा मी पालक घ्यायला गेले, तर काकू, म्हणजे त्याची आई, मला मागच्या खोलीत घेऊन गेली. भावानं ही खोली त्याच्यासाठी बांधली होती, फरशी घातलेली, मोठ्या खिडकीची. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत कांदे पसरले होते. "हवा चांगली लागते," ती म्हणाली. "सडत नाही."

खिडकीजवळ मात्र फरशी मोकळी होती, झाडलेली. बरोबर एका खाटेएवढी.