चार दारांचं सभागृह

पेरिझातनं पहिली खुर्ची केली ती कॉलेजात असताना, घरच्या जुन्या तंबूच्या जाळीदार भिंतीची लाकडं कापून. तिच्या आईनं, सोनुनआपानं, आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी आपा त्या खुर्चीवर बसली, डावीउजवीकडे डुलली आणि म्हणाली, “तंबू तरी हलत नव्हता गं.”

पुढे राजधानीत, बिश्केकमध्ये, पेरिझातचं नाव झालं. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या आरामखुर्च्या, अक्रोडाची घडीची कपाटं, पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी बांधलेली उबदार घरं. परदेशातल्या प्रदर्शनांची बोलावणी येऊ लागली. नारीनकडच्या तिच्या गावात मात्र ती अजून ‘सोनुनची खुर्च्यावाली’च होती. त्यामुळे गावानं मेजवान्यांचं सभागृह बांधायला दिलं तेव्हा ती हरखून गेली. सरपंच तालायबेकनं सांगूनच ठेवलं होतं, “म्हातारी मंडळी खूश झाली तर नवी शाळाही तुझी. नाहीतर शहरातून तयार नकाशा आणू.” आणि शाळा तर तिला हवीच होती. जुन्या शाळेच्या बाकांवर दहा वर्षं काढून तिची पाठ कायमची धरली होती.

सभागृह गोल झालं. चार बाजूंना चार सारखी दारं, मधे गोल टेबल, भोवती चोवीस एकसारख्या खुर्च्या. “इथे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही,” ती ज्याला त्याला सांगायची. कुणी काही बोलायचं नाही. तिला वाटलं, पटलंय.

उद्घाटनाला पांढऱ्या टोप्या घालून म्हातारे आत आले आणि उभेच राहिले. दारासमोरची पार आतली जागा, म्हणजे तोर, सगळ्यांत वडील माणसाची. दाराजवळची सगळ्यांत धाकट्याची. पण इथे तोर शोधून बसावं, तर पाठीशी पुन्हा दारच!

“बसा ना मामबेतालीबाबा,” पेरिझात म्हणाली.

“कुठे?” ब्याऐंशी वर्षांच्या मामबेतालींनी विचारलं.

“कुठेही.”

“कुठेही शेळ्या बसतात, पोरी.”

त्यांच्याहून आठ महिन्यांनी धाकटे जुमाबाय एका खुर्चीकडे वळले, तोच कुणीतरी ओरडलं, “अहो, ती तोर असली तर?” जुमाबाय चटका बसल्यासारखे मागे सरले. शिजवलेलं मेंढ्याचं डोकं मानकऱ्यापुढे ठेवायचं, तर मानकरीच ठरेना. ताट टेबलाभोवती तीन फेऱ्या मारून आलं. चरबी थिजायला लागली.

“दारं लावून टाका तीन!” तालायबेक घाम पुसत म्हणाला.

“कड्या नाहीत,” पेरिझात पुटपुटली. “मोकळेपणा राहावा म्हणून...”

“वा! शाळेलाही नसतील मग. पोरं खूश होतील.”

पेरिझात रडायच्या बेतात होती. आपा तिच्या कानाशी आली. “चहा कोण ओततंय?”

“स्वयंपाकघरातून येईल ओतून. सोय केलीय वेगळी.”

“तिथेच फसलीस. समोवार इथे आण, आणि तू बस त्याच्यापाशी.”

समोवार म्हणजे चहाच्या पाण्याचा बंब, आणि त्याच्यापाशी दाराजवळची, घरच्या सुनेची जागा. ती चुकवायला पेरिझात वीस वर्षं शहरात राहिली होती. तिनं एकदा थिजलेल्या ताटाकडे पाहिलं, एकदा सरपंचाकडे. मग वाफाळता समोवार उचलून आणला, एका दाराजवळच्या खुर्चीपुढे ठेवला आणि बसली.

पुढचं पाऊण मिनिटात झालं. मामबेताली सरळ तिच्या समोरच्या खुर्चीवर, जुमाबाय त्यांच्या शेजारी, आणि मग वयानं उतरत उतरत बाकीचे, अशी तेवीस माणसं आपापल्या जागी. उरलेल्या तीन दारांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

जेवण झालं. मामबेतालींनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून आशीर्वाद दिला आणि पाठ खुर्चीला टेकवली.

“खुर्ची चांगली आहे. पाय बधिर होत नाहीत. तालायबेक, शाळा हिलाच दे.”

“देतो. पण दार एकच ठेव गं,” तालायबेक हसला, “आणि मुलांना चहा पाजायला तुलाच यावं लागेल!”

पेरिझातनं त्याचा चहाचा वाडगा घेतला. त्यांच्याकडे चहा देतात तो अर्धा, म्हणजे माणूस पुन्हा मागतो. काठोकाठ भरला की समजायचं, पाहुण्यानं आता उठावं. तिनं अगदी काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी अदबीनं त्याच्यापुढे धरला.