दुकानातली एकुलती एक खुर्ची

नव्वदीच्या दशकात मी नाशिकच्या साड्यांच्या जाहिरातींतली बाई होते. मेन रोडवरच्या एका मोठ्या दुकानाचं कॅलेंडर, दिवाळी अंकाचं मलपृष्ठ, वर्तमानपत्रातली जाहिरात, सगळीकडे मीच. येवल्याची पैठणी नेसून कोरीव खुर्चीत बसलेली. समोरून महाराणी, आणि पाठीमागे ब्लाउज कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळलेला.

फोटो दुकानातच काढायचे. ती खुर्ची सोडली तर तिथल्या विक्रेत्या मुलींना टेकायला काही नव्हतं. गिऱ्हाईक असो वा नसो, दिवसभर उभं. बसलेली बाई आळशी दिसते, असं मालकाचं म्हणणं. मला मात्र तो बसवूनच फोटो काढायचा!

एकदा माझ्या निऱ्या सारख्या करणारी विक्रेती कळवळून म्हणाली, "ताई, पाय लय सुजलेत. जरा टेकू का?" सहावा महिना होता तिला. मी उठले, ती बसली, आणि तेवढ्यात मालक आला. सगळ्यांदेखत त्याने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. घरात कमावणारी ती एकटीच. मी भांडले, तर हसून म्हणाला, "मॅडम, तुमचं काम दिसायचं. बोलायचं आम्ही बघतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आदळआपट करून हा माणूस वठणीवर येणारा नव्हता. मीही गोड हसले आणि मनात म्हटलं, थांब लेका.

महिला दिनाला त्याला बायकांचा कळवळा आला. दुकानासमोर मांडव घातला, आणि त्याच खुर्चीत बसवून माझा सत्कार करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात खाली त्याची अर्ध्या पानाची जाहिरात आणि वर या कार्यक्रमाची बातमी, हे त्याने हट्टाने कबूल करून घेतलं होतं. ती बातमी करणार होती माझ्या ओळखीची वार्ताहर. बायकांच्या हक्कांवर सतत लिहिणारी, म्हणून तिला मी सगळं सांगून ठेवलं. काढून टाकलेल्या विक्रेतीला पहिल्या रांगेत आणून बसवलं.

खांद्यावर शाल पडताच मी माइक घेतला. "हा मान माझा नाही," म्हटलं आणि विक्रेतीला हाताला धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं. तिला कशापायी काढलं तेही सांगून टाकलं. मालक हार घेऊन तसाच उभा.

सकाळी पान उघडलं आणि आत्मा थंड झाला. खाली त्याच्या जाहिरातीत मी, खुर्चीत ऐटीत बसलेली. वर तीच खुर्ची, तिच्यात पोटावर हात ठेवून बसलेली ती, आणि शेजारी बातमी, की बसली म्हणून हिला कामावरून काढलं.

महिला संघटनेच्या बायका दुकानात ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे तिला परत घेतलं. काउंटरमागे स्टुलंही आली. मला मात्र नाशिकात पुन्हा एकही जाहिरात मिळाली नाही. दुकानदारांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. फार लागलं मला ते. अजून लागतं.

म्हणून दर दिवाळीला मी त्या दुकानात जाते. "तुम्ही बसा गं, शेठ दाखवतील," असं मुलींना सांगते. भरल्या दुकानात त्याला नाही म्हणता येत नाही. मग हा पदर दाखवा, तो काठ दाखवा, उजेडात धरा, असं करत त्याला एकेक पैठणी उलगडायला लावते. मी मुलींशेजारी स्टुलावर बसून असते. तो घामाघूम झाला, की उठते आणि म्हणते, "नाही बाई आवडली एकही."

घड्या त्यालाच घालाव्या लागतात. उभ्याने.