डावं बुबुळ

चौसष्टाव्या वर्षी मला कळलं की मला डोळे काढता येतात. हसू नका. गणपतीची मूर्ती रंगवून झाली की अगदी शेवटी डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात, आणि ती ज्याला-त्याला जमत नाही. शनिवार पेठेतल्या एका कारखान्यात मी सहज मूर्ती बघायला शिरले होते. आखणी करणारे गृहस्थ आजारी, मालक वैतागलेले. मी म्हटलं, "मी बघू का करून?" म्हणाले, "बाई, ही रांगोळी नाही." तरी सोंड मोडलेली एक मूर्ती पुढे सरकवली, बहुधा मी लवकर टळावं म्हणून.

सरकारी कचेरीत मी ट्रेसर होते. इंजिनियरांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्यांच्याच रेषा गिरवायच्या, नोकरीभर. त्या दिवशी पहिल्यांदा खाली कुणाची रेघ नव्हती. श्वास धरला, ब्रश टेकवला, आणि ती माती चक्क माझ्याकडे बघायला लागली. मालक आत गेले. दुसरी मूर्ती आणून ठेवली.

तेव्हापासून रोज जायला लागले. इतकी खूश मी लग्नातही नव्हते! पण संध्याकाळी कर्वेनगरला येऊन कुलूप उघडलं की सांगायला कुणी नाही. हे जाऊन काही वर्षं झाली, मूलबाळ नाही. भिंतींना किती सांगणार? आपल्यातल्या एकानं तरी म्हणावं, "अहो, हे तुम्ही काढलंत?" एवढीच हाव होती.

यंदा वाघोलीहून दिरांचा फोन आला. "वहिनी, तुम्ही एकट्या, कशाला दगदग? घरचा गणपती यापुढे आमच्याकडेच बसवू."

मी म्हटलं, "बसवा. पण मूर्ती मी आणते."

"अहो, पोरांनी ऑनलाइन बुकसुद्धा केली."

झालं. विषय संपला.

चतुर्थीला गेले. मखर, दिव्यांच्या माळा, सगळं झकास. जाऊ निरांजन लावत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डावं बुबुळ वर गेलंय."

दीर म्हणाले, "वहिनी, आता देवालाही नावं ठेवायची?"

"देवाला नाही हो, आखणीला. मी करते ना आखणी, कारखान्यात. यंदा कितीतरी मूर्तींचे डोळे मी काढलेत." इतके दिवस जपून ठेवलेलं, ते असं भलत्या वेळी, भांडल्यासारखं बाहेर पडलं.

जाऊ वळली. तिच्या चेहऱ्यावर खरंच माया होती, तेच वाईट. "अय्या, हो का? बरं झालं बाई. तेवढाच वेळ जातो ना तुमचा?"

"जातो की," मी म्हटलं.

आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवत राहिले. रडू येत होतं, पण आरतीत सगळे देवाकडे बघत असतात.