एका पोरीची शाळा

कुणाला काही विचारायचं असलं की आत्या आधी खाली बसायची, आणि उत्तर पटल्याशिवाय उठायची नाही. आमच्या गावी, बोरीच्या बाजारात, वैद्यापासून बैलांच्या दलालापर्यंत सगळ्यांनी तिची ती बैठक सोसली होती. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. शेतात तिचा शब्द चाले, घरात वडिलांचा.

निजामाचं राज्य होतं. सरकारी मदरशात सगळं उर्दूतून शिकवत. माझा भाऊ तिथं न कळलेले धडे घोकायचा, चुकला की छड्या खायचा. शेवटी दप्तर विहिरीत टाकून तो घरी आला. वडील त्याला धरून परत न्यायला निघाले, तेव्हा आत्या म्हणाली, "मारून इद्या आली असती तर आपले बैल पंडित झाले असते." भाऊ पुन्हा गेला नाही, नांगराला लागला. आत्याच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

परभणीत एका गुरुजींनी खाजगी शाळा काढल्याचं तिच्या कानावर आलं. मराठी आणि उर्दू, दोन्ही शिकवतात, छडी नाही, मुलींनाही घेतात. तिनं मला न्यायचं ठरवलं. वडील म्हणाले, "पोरीला शिकवून काय कचेरीत बसवायचंय?"

"चुलीपुढं तर बसायचंच हाय तिला," आत्या म्हणाली. "तवर दुसरीकडं बसून येऊ दे."

परभणीला पोचलो, तर गुरुजींनी मला पाढे विचारले नाहीत. वाटेत काय पाहिलं, एवढंच विचारलं. नदीच्या वाळूत टिटवीची अंडी होती आणि गाडीवानानं वळसा घेतला, असं मी सांगितलं. त्यांनी पाटीवर 'टिटवी' लिहिलं, खाली तेच उर्दू अक्षरांत लिहिलं आणि पाटी माझ्या हातात दिली.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. "गुरुजी, तुमी मारत न्हाई म्हणता. मंग पोरं ऐकतेत कसे?"

"बघा बसून," ते म्हणाले.

ती दिवसभर बसली. मुलं दोरीनं अंगण मोजत होती, ज्वारी तोलून हिशेब शिकत होती. दोघं भांडले, तेव्हा गुरुजींनी एकाला मराठीतून आणि दुसऱ्याला उर्दूतून आपापली बाजू मांडायला लावली. मांडता मांडता दोघंही हसू लागले. दिवेलागणीला आत्या उठली. "ठेवून घ्या हिला. पण मी बी इथंच राहणार." तिनं जवळच एक खोली घेतली. पेरणी-सुगीला ती बोरीला जाई, एरवी माझ्याजवळ असे.

पुढं दिवस बिघडले. रझाकारांची दहशत वाढली. गुरुजींवर पोलिसांची नजर आहे, असं लोक बोलू लागले आणि मुलं एकेक करून गळाली. एका सकाळी मी एकटीच उरले. "आत्याबाई, एका मुलीसाठी शाळा कशी चालवू?" गुरुजींनी विचारलं.

"अंगण भरून पोरं होते, तवा हिला काय निम्मंच शिकवत होता का?"

गुरुजींनी फळा पुसला आणि धडा सुरू केला. पोलिसांनी त्यांना पकडून नेईपर्यंत ती शाळा चालली.

मग आत्यानं मला वऱ्हाडात मामांकडे पोचवलं. निघताना ती म्हणाली, "मामानं शाळेत घातलं न्हाई तर सांगावा धाड. मी येते." तिला यावं लागलं नाही, मामांनी मला शाळेत घातलं. ती बोरीला परतली आणि त्याच पावसाळ्यात तापानं गेली. आम्हाला ते बऱ्याच दिवसांनी कळलं.

निजामाचं राज्य गेल्यावर मी घरी आले. वडिलांनी धाकट्या बहिणीला आपणहून परभणीच्या शाळेत घातलं, ओळखीच्या घरी तिच्या राहण्याची सोय केली. तिला सोडून आले त्या संध्याकाळी ते जेवायला उठेनात. आईनं कारण विचारलं.

"आक्का असती," ते म्हणाले, "तर पोरीजवळ राहिली असती."