उंबऱ्याशी मांडलेली दोन ताटं

मरणाचा निरोप घरच्या बाईनं स्वतः दारोदार न्यावा, अशी रीत आमच्या सेलूत नाही. शेजारी धावतात, नातेवाईक सायकली काढतात, घरची बाई घरात बसून असते. म्हणून त्या सकाळी रूथवहिनींना दारात पाहिलं तेव्हा मला वाटलं, गुरुजींच्या गोळ्या संपल्या असतील. डोक्यावरून पदर, हातात काही नाही. म्हणाल्या, "भावजी, तुमचे गुरुजी गेले. झोपेतच गेले, तरास झाला न्हाई. चला तुमी." एवढं सांगून त्या वळल्या, आणि मी चप्पल शोधेपर्यंत पुढच्या गल्लीत पोचल्यासुद्धा. त्यांच्या लोकांमध्ये निरोप नेणारं कुणी उरलं नव्हतं. ते का उरलं नव्हतं हे सांगायचं, तर माझ्या मित्राची, दानिएल साळवे गुरुजींची सगळी हकीकत सांगावी लागेल. आता दीड-दोन महिने होत आले. आज ती सांगताना रडू येत नाही, उलट मधूनमधून हसूच येतं. गुरुजींना हे आवडलं असतं.

आम्ही दोघं एकाच प्राथमिक शाळेत मास्तर. मी लिंगायत, गळ्यात लिंग, घरात सोमवार कडक. ते ख्रिस्ती, आणि तेही साध्या चर्चचे नव्हेत. रेल्वेलाइनच्या पलीकडे पत्र्याचं छप्पर असलेलं एक सभागृह आहे, तिथल्या मंडळीचे. ही मंडळी म्हणजे वीस-पंचवीस घरं. रेडिओ नाही, सिनेमा नाही, मतदान नाही, वर्तमानपत्र नाही. मिशनच्या चर्चमध्ये जाणारे ख्रिस्तीसुद्धा त्यांच्या लेखी 'बाहेरचे', मग माझ्यासारख्याची काय कथा! कारभार वडिलांच्या हातात. वडील म्हणजे मंडळीचे पुढारी, आणि त्यांतही एक थोरले वडील. त्यांचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता, हे गुरुजीच मला बजावून सांगायचे. रूथवहिनी लहान असताना त्यांचे जन्मदाते वडील वारले, तेव्हा त्यांच्या आईला आणि लेकरांना याच माणसानं आधार दिला, लग्नंही यांनीच लावली. मात्र त्यांच्यापुढे कुणी 'का' म्हणायचं नाही, एवढं पाळलं की सगळं सुरळीत. आता प्राथमिक शाळेतल्या मास्तराला 'का' म्हणू नको म्हणणं म्हणजे फारच झालं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, शाळा बंद होत्या, एसटी बंद होती, त्या दिवसांतली गोष्ट. मंडळीत एस्तेर नावाची एक तरुण विधवा होती. तिचा भाऊ मंडळी सोडून जालन्याला मिशनच्या चर्चमध्ये गेलेला. त्याच्या लग्नाला ही गेली. सख्खा भाऊ, जाणार नाही तर काय करील? पुढच्या रविवारी थोरल्या वडिलांनी उभं राहून जाहीर केलं, "आजपासून हिला सलाम नाही." सलाम नाही म्हणजे त्या बाईशी कुणी बोलायचं नाही, तिच्या दारात जायचं नाही, तिच्यासोबत घास खायचा नाही. असं जाहीर झालं की सगळ्यांनी उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. सगळे उभे राहिले. गुरुजी बसून राहिले आणि बसल्याबसल्याच म्हणाले, "वडील, तिचं काय म्हणणं हाय ते कुणी विचारलं का?" वडील म्हणाले, विचारायचं कारण काय? गुरुजी म्हणाले, "न विचारता फैसला करायचा हे शास्त्रात कुटं लिवलंय तेवढं दाखवा, मी उभा ऱ्हातो."

झालं. एस्तेर बाजूलाच राहिली आणि गुरुजींचंच प्रकरण उभं राहिलं. चूक कबूल करा म्हणून वडिलांनी त्यांना एकट्याला बोलावून ताकीद दिली. गुरुजींनी ती घरी सांगितलीच नाही, उगीच वहिनींच्या जिवाला घोर नको म्हणून. आणि तिथंच घोटाळा झाला. पुढच्याच रविवारी थोरल्या वडिलांनी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना सुरू केली... गर्व कसा वाईट, दुखरा अवयव कसा कापावा लागतो, वगैरे. प्रार्थनेच्या पोटातच कुठंतरी गुरुजींचं नाव येऊन गेलं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या खऱ्या, पण त्यांचं सगळं ध्यान घरी चुलीवर ठेवून आलेल्या डाळीत. प्रार्थना संपली तशा सगळ्यांबरोबर त्याही मोठ्यानं "आमेन" म्हणाल्या. डोळे उघडून बघतात तर सगळ्या बायका आपल्याकडेच बघताहेत. नवऱ्याला वाळीत टाकायला त्यांनी स्वतः संमती दिली होती!

घरी येऊन वहिनी पदरात तोंड घालून रडायला लागल्या. गुरुजी चुलीपाशी गेले, झाकण काढून बघितलं आणि म्हणाले, "रडू नको. डाळ काई लागली न्हाई." पुढं आयुष्यभर त्यांनी हा किस्सा मला, माझ्या बायकोला, शाळेतल्या शिपायाला, ऐकेल त्याला सांगितला. "मला वडिलांनी काढलं म्हणतेत लोक. खोटं हाय. मला आमच्या बाईसायबांनी काढलं," असं म्हणून ते इतके हसायचे की ठसका लागायचा. वहिनी लटक्या रागानं उठून आत जायच्या. पण हे हसणं नंतरचं. त्या आठवड्यात दोन वडील घरी येऊन वहिनींना नियम समजावून गेले. नवऱ्यासोबत राहा, त्याचं रांधा, वाढा, दुखलंखुपलं बघा; मात्र त्याच्यासोबत एका मेजावर, एका खोलीत जेवायचं नाही आणि प्रार्थना करायची नाही. मोडलं तर तुम्हीही बाहेर. वहिनींच्या मागे म्हातारी आई, दोन बहिणी, सगळं माहेर मंडळीत. बाहेर पडणं म्हणजे जिवंतपणी आईला मुकणं. मूलबाळ नव्हतं. एकीकडे नवरा, दुसरीकडे आई, आणि मध्ये ही भोळी, भाविक बाई. मला वाटलं, आता हे घर मोडणार.

घर दोन खोल्यांचं. बाहेरची बैठकीची, आतली स्वयंपाकाची, मध्ये सागवानी उंबरा. थोड्या दिवसांनी मी जेवणवेळेला गेलो तर काय बघतो! गुरुजी बाहेरच्या खोलीत उंबऱ्याला गुडघा लावून बसलेत, वहिनी आतल्या खोलीत तशाच उंबऱ्याला गुडघा लावून. दोघांची तोंडं समोरासमोर, दोघांपुढे भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. मी म्हटलं, "वहिनी, हे काय?" त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "भावजी, एका खोलीत जेवायचं न्हाई असा हुकूम हाय. ते तिकडल्या खोलीत हायेत, मी इकडल्या. नियम कुटं मोडला?" लोणच्याची बरणी मात्र एकच होती आणि ती बरोबर उंबऱ्यावर ठेवलेली. उंबरा कुठल्याच खोलीत मोजत नाहीत, असा त्यांचा निवाडा. प्रार्थनेचंही तसंच. दोघं आपापली प्रार्थना मनात करायचे, पण वहिनींचे ओठ हलायचे थांबेपर्यंत गुरुजी भाकरीला हात लावायचे नाहीत.

एकदा एक वडील न सांगता ऐन जेवणात हजर झाले. बराच वेळ उभे राहून त्यांनी आधी इकडचं ताट पाहिलं, मग तिकडचं, मग बरणी. बोट ठेवावं असं काही सापडेना. शेवटी पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही तिघांनी हसू दाबून धरलं. मीही पुष्कळदा त्या उंबऱ्याशी जेवलो आहे. माझी आई विचारायची, "तिकडं पाणीबिणी पिऊन आलास का रे?" मी म्हणायचो, "न्हाई, जेवून आलो." मग ती दिवसभर माझ्याशी बोलायची नाही. गुरुजी म्हणायचे, "अप्पा, तुमच्याकडंबी सलाम बंद हाय म्हणायचं."

असं हसतखेळत चाललं होतं तरी मला एकच गोष्ट सलायची. ही दोघं आतल्या खोलीत शेजारी बसून साधं एक जेवण कधी जेवणार? म्हटलं तर किती सोपं होतं. गुरुजींनी सभेत उभं राहून 'मी चुकलो, पुन्हा वडिलांच्या शब्दावर शंका घेणार नाही' एवढं म्हणायचं, की माफी. वडील अधूनमधून तसा निरोप पाठवायचे. गुरुजी निरोप्याला चहा पाजून परत पाठवायचे. पण वहिनींच्या आईनं अंथरूण धरलं आणि जावयाचा हात धरून म्हातारी म्हणाली, "एकदा म्हण रे बाबा चुकलो म्हणून. मला तुमा दोघायला एका जागी बसल्यालं बघायचंय." तेव्हा मात्र गुरुजी विरघळले. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून सभागृहाकडे निघाले. जाताना माझ्या दारात थांबून म्हणाले, "अप्पा, आज आपण नापास व्हायला चाललाव." मी त्यांना अडवलं नाही. मलाही वाटत होतं, म्हातारीसाठी का होईना, संपवा एकदाचं.

अर्ध्या तासात परत आले. चेहऱ्यावर इतका आनंद की मला वाटलं, माफी मिळाली. म्हणाले, "आत जाऊच दिलं न्हाई." मी विचारलं, वडिलांनी? तर म्हणाले, "छे! आमच्या बाईसायबांनी." त्यांना दारात बघून वहिनी भर सभेतून उठून बाहेर आल्या होत्या. पायरीवरच त्यांनी विचारलं, "तुमी खरंच चुकलात का?" गुरुजी म्हणाले, "न्हाई." "मग देवाच्या घरात खोटं बोलायला आलात? घरी जावा. भात झाकून ठेवलाय." आणि त्या आत जाऊन आपल्या जागेवर पुन्हा बसल्या. माझ्या ओळखीत एवढी धीराची बाई दुसरी नाही. वडिलांचा नियमही पाळायचा आणि नवऱ्याचं खरंही राखायचं, हे दोन्ही त्यांनी एकट्यानं पेललं. म्हातारी पुढं त्याच वर्षी वारली. मातीला गुरुजींना खांदा देऊ दिला नाही. ते बरंच अंतर ठेवून मागून चालत गेले, आणि मी त्यांच्यासोबत.

यंदाच्या हिवाळ्यात गुरुजींना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल सोळा वर्षांनी नुकताच लागलेला, गावात पेढे वाटणं आणि वादावादी दोन्ही चालू होतं. मी बघायला गेलो तर जेवणाचीच वेळ. नेहमीसारखी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे ताटं. गुरुजी डाव्या हातानं भाकरी मोडायला गेले, जमेना. वरण सदऱ्यावर सांडलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा सांडलं. वहिनी बघत होत्या... मग त्या उठल्या. आपलं ताट उचललं, उंबरा ओलांडला आणि गुरुजींच्या मांडीला मांडी लावून बसल्या. वरणात भाकरी कुस्करली, एक घास त्यांना भरवला, दुसरा स्वतः घेतला. एका ताटातून. घास गिळून गुरुजी जड जिभेनं म्हणाले, "सरकारनं लावली... तेवढीच वर्षं... तूबी लावलीस." वहिनी हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. माझेही भरून आले, सांगायला लाज कसली!

नाही सांगितलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण वहिनी रविवारी सभागृहात गेल्या आणि आपणहून उभ्या राहिल्या. "मी जेवले त्यांच्यासंगं. उद्याबी जेवणार हाय. तुमाला काय करायचं ते करा," म्हणाल्या. वडिलांनी जे करायचं तेच केलं. बहिणींची दारं बंद झाली. मग हळूहळू गुरुजींचे विनोद पुन्हा सुरू झाले. पुढचे काही महिने ती दोघं आत चुलीपाशी शेजारी शेजारी बसून जेवली. मी गेलो की गुरुजी खुणेनं दाखवायचे, बघ कसा बसलोय!

मंडळीच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली नाही. मिशनच्या पाळकांनी दिली. शाळेतले आम्ही, गल्लीतले काही, आणि जालन्याहून भावाला घेऊन आलेली एस्तेर. तिनं माती दिली तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली. येताना पाहिलं, रस्त्याच्या कडेला थोरले वडील काठी टेकून उभे होते. खूप थकलेत आता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुढे मात्र आले नाहीत.

परवा मी आणि माझी बायको वहिनींकडे गेलो. जेवणवेळ झाली होती, वहिनींनी आम्हाला आग्रहानं थांबवलं. आमची ताटं त्यांनी आत चुलीपाशी मांडली आणि स्वतःचं घेऊन उंबऱ्यापाशी बसल्या, जुन्याच जागी, तोंड बाहेरच्या रिकाम्या खोलीकडे. माझी बायको म्हणाली, "वहिनी, आता कुणाचा हुकूम हाय? या की इकडं." त्या म्हणाल्या, "येते हो कदी कदी. पन आत बसून आमी चार दिवस जेवलाव, आन् सगळा संसार हितं झाला. लय सुखाचा झाला." मग त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायचे थांबले तरी त्यांनी घास उचलला नाही, क्षणभर तशाच थांबल्या... पलीकडच्या माणसाची प्रार्थना व्हायची होती.