मास्तरांची पांढरी चार

मास्तर धंद्यानं शिंपी. चर्चमध्ये गीतं धरायचेही तेच. त्यामुळे आठवड्याचे सहा दिवस दुकानात आणि रविवारी चर्चमध्ये, दोन्हीकडे त्यांना मास्तरच म्हणत. गळा देवानं सढळ हातानं दिलेला. बावीस वर्षं त्यांनी मंडळीची उपासना गाऊन चालवली आणि बावीस वर्षं प्रत्येक गीत पांढरी चारमध्येच धरलं.

पांढरी चार ही त्यांच्या गळ्याची पट्टी, चांगलीच उंच. पायानं भाता मारायच्या चर्चच्या जुन्या ऑर्गनवर तिथून सुरुवात केली, की ध्रुपदाच्या टोकाला मास्तरांचा आवाज असा लागायचा की नवखा पाहुणा मान वळवून बघायचा. बाकीची मंडळी दुसऱ्या ओळीपर्यंत कशीबशी यायची, तिसरीला धाप लागायची आणि चौथीला गीतपुस्तकात तोंड खुपसून उभी राहायची. मास्तरांना वाटायचं, तल्लीन झालेत सगळे. गिऱ्हाइकाची बाही अर्धा इंच चुकली तर ज्याला घास गोड लागत नसे, तो हा माणूस दर रविवारी अख्ख्या मंडळीला स्वतःच्या मापाचा कोट घालत होता. पण सांगणार कोण? एवढं छान गाणाऱ्याला कोणी काही सांगत नाही.

मग त्यांचा घसाच बसला. महिनाभर चकार शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पाळकसाहेबांनी गीतं धरायचं काम नर्सबाईच्या गळ्यात घातलं. ही दवाखान्यातली तरुण मुलगी, ऑर्गन जेमतेम वाजवणारी. तिनं आधीच सांगून टाकलं, की मास्तरांएवढं वर जाणं आपल्या बापजन्मात जमायचं नाही. तिनं सरळ खाली येऊन काळी एकमध्ये गीत धरलं. मास्तर बावीस वर्षांत पहिल्यांदाच बाकावर, बायकोशेजारी बसले होते. पट्टी ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

आणि चर्च गायला लागलं. नळदुरुस्तीवाला गात होता, मागच्या बाकावरच्या दोघी म्हाताऱ्या गात होत्या, पाळकसाहेबसुद्धा गात होते, आणि त्यांना आवाज आहे हे मास्तरांना त्या दिवशी कळलं. हाताखालचं बाक थरथरत होतं. आधी मास्तरांचा जळफळाट झाला, खोटं कशाला बोला. मग त्यांना लाज वाटली. मग त्यांनी सहज शेजारी पाहिलं.

बायकोचे ओठ हलत होते. शब्दन् शब्द बरोबर, श्वाससुद्धा जागच्या जागी. मास्तरांनी कान जवळ नेला. आवाज नव्हता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तर मशीनवर बसत, बायको आतल्या खोलीत काज-बटणं करी. घरी आल्यावर मास्तरांनी बेतायच्या कागदावर खडूनं लिहिलं, 'तू गात का नाहीस?' आणि तो कागद तिच्यापुढे धरला. तिनं वाचला, दातानं दोरा तोडला.

"तुम्हीच सांगितलं होतंत," ती म्हणाली.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

"तुम्ही गीतं धरायला लागलात त्याच वर्षी. सरावाला आठ-दहा जण होते. तुम्ही ऑर्गन थांबवलात आणि म्हणालात, तुझा आवाज सगळ्यांना खाली ओढतोय, तू नुसते ओठ हलव. सगळे हसले. तुम्हीही हसलात." तिनं पुढचं बटण उचललं. "मग मी ओठ हलवले."

बटणं कुठल्या डब्यात आहेत हे सांगावं तशी ती बोलली. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. बावीस वर्षं जी गोष्ट तिनं दर रविवारी पाळली, ती ते त्याच संध्याकाळी विसरून गेले होते.

त्याच महिन्यात एकदा शिवता शिवता दोरा तुटला आणि मास्तरांचे पाय थांबले. आतून गुणगुण येत होती. खालचा, भरीव आवाज. मशीन थांबल्यावर क्षणभरानं तीही थांबली. म्हणजे एवढी वर्षं ती मशीनच्या खडखडाटाआड गात होती. मास्तर चर्चमध्ये गेले, ऑर्गनवर चाचपून पाहिलं. तिची पट्टी पांढरी एक होती.

आवाज परत आला तेव्हा नर्सबाई सुटल्यासारखी गीतांची वही द्यायला आली. मास्तरांनी ती घेतली नाही. उलट तिलाच बसवून घेतलं आणि जे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं ते तिला सांगितलं. पट्टी ठरवताना आपला गळा विसरायचा, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचा धरायचा. नवं गीत महिन्यात एकच, आणि तेही तीन रविवार लागोपाठ. सुरुवातीचं वाजवणं थोडक्यात आटपायचं, लोक उभे असतात. कडवं संपलं की श्वास घ्यायला जागा द्यायची. मंडळीनं गीत उचललं की आपण आवाज कमी करायचा, जमलं तर बंदच करायचा. सरावात कुणाचं चुकलं तर चारचौघांत बोलायचं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मुलीनं दोनदा लिहून घेतलं.

"आणि येत्या रविवारी पांढरी एकमध्ये धर," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

रविवारी तिनं तसंच धरलं. मास्तर बायकोला खेटून उभे राहिले आणि तिला सोबत म्हणून हळू गायला लागले. त्या पट्टीत त्यांचा आवाज अगदीच सुमार लागत होता. भोवती सगळं चर्च गात होतं. तिचे ओठ हलत होते.

घरी येताना मास्तरांना राहवलं नाही. "आता गा ना," ते म्हणाले. "आता तर तुझ्याच पट्टीत आहे. चुकलंच माझं."

"अहो, मी काय मुद्दाम करते का?" ती म्हणाली. "गायला जाते तर ओठच हलतात. आता राहू द्या."

त्या आठवड्यात दुकानात काम बेताचंच होतं. बुधवारी नळदुरुस्तीवाला पँट न्यायला आला, तर मास्तर जोरजोरात मशीन मारत बसलेले. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं.

"मास्तर, हे काय शिवताय?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं, हातानंच कोपऱ्यातल्या पँटकडे दाखवलं आणि पाय थांबू दिले नाहीत.