शाबूत पोचलेला एकच माल

मुरबाडच्या बाजारात ज्यांनी माझी लॉरी पाहिली आहे, ते आजही भेटले की आधी हसतात आणि मग रामराम करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लॉरीच्या कपाळावर मी रंगाऱ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'श्री सिद्धेश्वर गुड्स सर्व्हिस, मुरबाड - शहापूर - कल्याण.' कंपनीत लॉरी एक, मालक मी, ड्रायव्हर मी आणि क्लीनर पोश्या. तीन गावांची नावं लिहायला रंग पुरला, पण तिसऱ्या गावापर्यंत लॉरी क्वचितच पुरली.

माझे वडील बैलगाडीवाले. भात, पेंढा, लाकूडफाटा मुरबाडहून कल्याणला नेण्यात त्यांचा जन्म गेला. बैलांचे दिवस आता संपले, असं मी त्यांना त्यांच्याच ओटीवर बसून ऐकवलं होतं. ते काही बोलले नाहीत. पुढं किती तरी वेळा माझी लॉरी रस्त्याच्या कडेला बंद पडलेली असायची आणि त्यांची गाडी घुंगरं वाजवत शेजारून जायची, तेव्हाही ते बोलले नाहीत. एकदा फक्त गाडी थांबवली, एक जाड दोर काढून माझ्या हातात दिला आणि निघून गेले. मी तो रागारागानं लॉरीत फेकला. महिन्याभरात त्या दोराइतकं उपयोगी हत्यार कंपनीत दुसरं उरलं नव्हतं.

त्यात लढाई पेटली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. मग कल्याणच्या एका मिस्त्रीनं माझ्या केबिनच्या मागं कोळशाच्या गॅसचा प्लँट बसवून दिला. आमच्याकडं त्याला सगळे बंबच म्हणत, कारण तो दिसायला आंघोळीच्या बंबासारखाच होता, फक्त त्यात न्हाणीघरभर लोक मावले असते. वरून कोळसा भरायचा, खालच्या झडपेतून पेटवायचा, मग हातपंख्याचा दांडा गरागरा फिरवायचा. बराच वेळ धूर खाल्ला की गॅस धरायचा आणि लॉरी एकदाची खोकत निघायची. पोश्या कोळशाच्या भट्ट्यांवर वाढलेला काथोडी, म्हणजे कातकरी. धूर त्याला नवा नव्हता. तो पंखा फिरवी आणि मी खाकी टोपी घालून स्टिअरिंगवर बसे. ती टोपी मी कल्याणला मुद्दाम घेतली होती. बायको, गोदू, म्हणायची की टोपी काढून ठेवली तर चढावर लॉरीला तेवढाच भार कमी होईल.

अशा या कंपनीला धोंडीबाईनं आपलं बिऱ्हाड हलवायचं काम दिलं.

धोंडीबाई सिद्धगडाच्या पायथ्याची. आईच्या गावची म्हणून मी तिला मावशी म्हणायचो. नवरा वारलेला, मुलगा नाही. पाणी आणताना पाय मुरगळून पडली, तेव्हापासून शहापूरजवळ सापगावला दिलेली लेक रंगू मागं लागली होती की आई, आता इकडंच ये. लेकीच्या दारात जाऊन राहायचं म्हणजे आमच्याकडं बाईला मेल्याहून मेल्यासारखं. पण अंगात जोर उरला नव्हता, तेव्हा तिनं एक अट घातली. लेकीच्या पडवीत आपली चूल वेगळी असेल, आणि त्या चुलीत विस्तव आपल्या घरचा असेल.

हे तिनं मला मुरबाडच्या नाक्यावर सांगितलं. पुतण्यानं सामान बैलगाडीतून तिथवर आणलं होतं. भाताची कणगी, तांब्याचा हंडा, पाटा-वरवंटा, कांबळी, एक कोंबडी. आणि धोंडीबाईच्या कडेवर तान्ह्या पोरासारखं धरलेलं मातीचं मडकं, त्यात राखेखाली निखारे.

"सासूनं मला ह्यो इस्तव दिला," ती म्हणाली. "ह्याच्यावर शिजवलं तर मी माज्या घरचं खाते. रंगूच्या इस्तवावर शिजवलं तर मी जावयाचं खाते. तुला कळतंय नव्हं?"

मला टोपीमुळं फार कमी कळायचं. मी विचारलं, मावशी, एवढ्या वर्षांत हा कधीच विझला नाही? एखाद्या पावसाळ्यात तरी?

"इझला की. पण चार घरी दिलेला असतोय. त्यांच्याकडनं परत आणायचा. माजाच तो."

मी पोश्याकडं बघून डोळा मारला. पोश्या हसला नाही. त्याच्या घरीही तसंच चालत असणार.

मग बंब पेटवायची वेळ आली आणि कंपनीकडं आगपेटी नाही असं निघालं. होती, पण दवात भिजून तिची गुलं उडाली होती. लढाईत आगपेटीसुद्धा मिळायची मारामार, आणि नाक्यावरचं दुकान उघडलं नव्हतं. तीन गावांची सर्व्हिस देणारा प्रोप्रायटर एका काडीवाचून अडून बसला. शेवटी पोश्यानंच धोंडीबाईपुढं चिमटा धरला. तिनं मडकं पोटाशी घेतलं, थोडा विचार केला आणि दोन निखारे काढून दिले.

"उसना देते हां," ती मला म्हणाली, पोश्याला नाही.

मी म्हटलं, परत करू, व्याजासकट. बंब पेटला, लॉरी निघाली. सामान वर चढवताना कणगी एका बाजूनं चेपली होती, पण तो दोष मी कोंबडीच्या अंगावर ढकलला.

सरळगाव सोडून किन्हवलीकडं जाताना काळू नदी लागते. तेव्हा तिथं पूल नव्हता. दगडगोट्यांच्या उतारातून पाणी ओलांडायचं. शहाणा माणूस तिथं खाली उतरून आधी चालत जाऊन पाहतो. माझे वडील बैलांना पाणी पाजून, धीर देऊन मगच गाडी घालायचे. पण धोंडीबाई माझ्या शेजारी बसली होती, आणि तिनं वाटेत दोनदा विचारलं होतं की तुझे बाबा का नाही आले. मला तिला लॉरी म्हणजे काय ते दाखवायचं होतं.

मी लॉरी दामटली. पाणी गुडघाभरच होतं, पण केबिनला दारं नव्हती. एका खड्ड्यात चाक आदळलं, मागं काही तरी फुटल्याचा आवाज झाला, आणि माझ्या बाजूनं नाही, धोंडीबाईच्या बाजूनं पाण्याची अख्खी लाट आत आली. लॉरी पलीकडच्या काठावर जाऊन थांबली. मी मोठ्या ऐटीत वळून तिच्याकडं पाहिलं. ती निथळत होती. मांडीवरच्या मडक्यातून चर्र असा आवाज येत होता, मग तोही थांबला.

ती खाली उतरली आणि एका दगडावर बसली. मडक्यात हात घालून तिनं राख चाचपली. सगळा चिखल झाला होता. मी लगेच म्हणालो की किन्हवलीला दुकान असेल, आगपेटी घेऊ, चूल पेटायला असा कितीसा वेळ लागतो. ती बोटांना लागलेला चिखल निपटत राहिली. मी म्हटलं, मावशी, कुणाला सांगू नका, विस्तव तो विस्तव. तेही वाया गेलं. मला राहून राहून वाटत होतं की तिनं चांगल्या चार शिव्या द्याव्यात.

मग तिनं मला परत घरी घेऊन चल म्हटलं. मी म्हणालो, परत कुठं, तुमच्या घराचं छप्पर तर पुतण्यानं कालच उतरवलं. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझी टोपी मला त्या क्षणी इतकी नकोशी झाली की मी ती काढून खिशात कोंबली. हे माझ्या हातून झालं होतं आणि ते निस्तरण्याची काहीही अक्कल मला नव्हती.

पोश्या इकडं आपलं काम करत होता. लॉरी थांबली की बंबातला जाळ मंदावतो, म्हणून त्यानं खालची झडप उघडली आणि दांडा फिरवायला लागला. झडपेतून लालभडक उजेड बाहेर पडला. धोंडीबाई त्याकडं बघत राहिली.

"अनंता," ती म्हणाली, "सकाळी तुला दिला तो कुठं हाय?"

"कोण?" मी म्हणालो. अशा वेळी माझं डोकं लॉरीसारखंच चालतं, धक्का दिल्याशिवाय नाही.

"माजा उसना इस्तव. तो आत हाय नव्हं?"

मला कळायच्या आत पोश्यानं मान हलवली होती. धोंडीबाई उठली, डोळे पुसले आणि बंबाशी जाऊन दोन्ही हातांनी शेक घेतला. मग मला म्हणाली की आता हा सापगावापर्यंत विझू द्यायचा नाही.

वाचणाऱ्याला हे सोपं वाटेल. पण आमचा बंब आजवर शहापूरच्या वाटेवर एकदाही सबंध पेटता राहिला नव्हता. किन्हवलीच्या चढावर नेहमीप्रमाणं इंजिनानं मान टाकली. एरवी मी अशा वेळी बंब निवू देऊन झाडाखाली पडायचो. आज धोंडीबाई मागं चढली, तिनं पोश्याच्या हातातला दांडा घेतला आणि स्वतः पंखा फिरवायला बसली. पोश्या आणि मी बाबांचा दोर खांद्याला लावून लॉरी ओढू लागलो. शेतातले दोन गडी हसत हसत मदतीला आले, त्यातल्या एकाला मी स्टिअरिंगवर बसवलं. बैलांचे दिवस संपले असं म्हणणारा मी, जू मानेवर घेतल्यासारखा वाकलो होतो. सापगावाच्या अलीकडं कोळसाच सरला. तेव्हा पोश्यानं कंपनीची मागची फळी मोडून बंबात घातली. तिच्यावर 'विश्वासू आणि त्वरित सेवा' असं लिहिलं होतं. ती मात्र चांगली जळली.

रंगूनं पडवीत नवी चूल सारवून ठेवली होती. पोश्यानं झडप उघडली, धोंडीबाईनं चिमट्यानं निखारे मोजकेच काढले आणि चुलीत ठेवून फुंकर घातली. जाळ धरला. मी तोवर सामान उतरवलं. कणगी चपटी, हंड्याला पोचा, पाट्याचे दोन तुकडे. कोंबडी जिवंत होती, पण माझ्यावर नजर ठेवून होती. मी मान खाली घालून एकेक वस्तू ठेवत गेलो. धोंडीबाईनं एकदाच वळून पाहिलं आणि राहू दे म्हणाली.

तिचा जावई कमळू अंगणात अवघडून उभा होता. भला माणूस. सासूला दारात घेतल्याबद्दल भावकी काय म्हणेल, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. भात शिजल्यावर धोंडीबाईनं पहिलं ताट वाढलं आणि पडवीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"कमळू, या जेवायला," ती म्हणाली. "आज माज्या घरी."

कमळूनं पाय धुतले आणि पाहुण्यासारखा मांडी घालून बसला. त्याच्या शेजारी पोश्या आणि मी. तिघांनाही तिनं आग्रह करकरून वाढलं. ओल्या लुगड्यातली ती बाई त्या पडवीत अशी वावरत होती की नदीकाठच्या दगडावर निथळत बसलेली हीच, हे मला खरं वाटेना.

लढाई संपली, पेट्रोल आलं, बंब काढला, आणि त्याच्यामागोमाग लॉरीही भंगारात गेली. मी परत बाबांच्या बैलगाडीवर बसलो. बाबा तेव्हाही काही बोलले नाहीत, दोर मात्र परत मागून घेतला. लॉरीच्या कपाळावरची पाटी गोदूनं कोंबड्यांच्या खुराड्याला लावली आहे. त्यामुळं आमच्या कोंबड्या अजून कल्याणपर्यंत सर्व्हिस देतात.

सापगावावरून गाडी गेली की धोंडीबाईच्या चुलीचा धूर दिसतो. पावसाळ्यात रंगूची चूल विझली की ती आईकडून निखारे नेते, आता शेजारच्याही नेतात. लोक विचारतात, अनंता, एवढी वर्षं कंपनी चालवून काय केलंस? मी सांगतो, एक माल न फुटता, न सांडता, शाबूत पोचवला. आणि निम्मी वाट झाली तरी तो आपल्या लॉरीत आहे, हे मला ठाऊक नव्हतं.